संगणकाचा आवाज आणि मापकाचा काटा

आवाज किती मोठा आहे हे कान सांगतोच. मग तो काट्याने मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. पण कान थकतो, सरावतो आणि भोवतालच्या गोंगाटाप्रमाणे आपले मत बदलतो. अंबडच्या कारखान्यात पाळी संपवून घरी आलेल्या माणसाला रेडिओ बारीक वाटतो. घुंडी त्याच जागी ठेवून तोच रेडिओ पहाटे लावला, तर शेजारी जागे होतात. काट्याला असा थकवा नाही. म्हणूनच जुनी स्पुले आणि कॅसेटी संगणकात उतरवून घेणारे कित्येक हौशी लोक मोडक्या टेपडेकमधले काट्याचे मापक काढून संगणकाला जोडू पाहतात. ते जोडावे कसे, आणि जोडल्यावर काटा नेमके काय सांगतो, हे दोन्ही प्रश्न येथे घेऊ. आमच्या मते दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

या मापकाला व्हीयू मीटर म्हणतात. १९३९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी व सीबीएस या दोन नभोवाणी कंपन्यांनी मिळून त्याचे प्रमाण ठरविले. तोपर्यंत एका केंद्रावरचा काटा एका चालीने हले, तर दुसऱ्यावरचा दुसऱ्या. त्यामुळे दोन ठिकाणच्या माणसांना आवाजाविषयी एकमेकांशी बोलणेच कठीण होते. मापकाच्या पोटात चुंबकाच्या ध्रुवांमध्ये बारीक तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला की वेटोळे वळते आणि त्याला चिकटलेला काटाही वळतो. ही युक्ती १८८२ पासून दार्सोंवाल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. नाशिककरांना ती परकी नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ साली, स्थापन झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी अंबडपासून जवळच, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि विजेच्या पॅनलवर बसवायची काट्याची मापके बनविण्यात तिचे नाव आहे. पॅनलवरचा तो काटा आणि हा काटा एकाच कुळातले.

फरक आहे तो चालीचा. एकाच पट्टीचा सूर अचानक सुरू झाला, तर व्हीयू मीटरच्या काट्याने आपल्या जागी पोचायला सेकंदाचे तीन दशांश घ्यावेत, असा नियम आहे. हा मंदपणा मुद्दाम ठेवलेला आहे. आपला कानही आवाजाच्या मोठेपणाचा अंदाज क्षणात बांधीत नाही. काटा म्हणून साधारण कानासारखा वागतो. मात्र ‘ट’, ‘प’, ‘च’ यांसारखे फटकन येणारे उच्चार त्याला गाठता येत नाहीत. काटा शून्यावर शांतपणे डोलत असताना बोलण्याचे क्षणिक शेंडे त्याच्या दहा-बारा डेसिबेल वर गेलेले असतात.

आता जोडणी. प्रमाणित मापक ३६०० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडले असता १.२२८ व्होल्टला शून्यावर येते. संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून पूर्ण आवाजालाही बहुधा १ व्होल्टच्या आसपासच मिळतो, म्हणजे सामान्य बोलण्याला त्याचा लहानसा हिस्सा. बाजारातल्या स्वस्त मापकात तर नुसते वेटोळे असते. आवाजाचा उलटसुलट प्रवाह एकाच दिशेने वळविणारा डायोड आपणच बाहेरून लावावा लागतो, आणि सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत दारच उघडीत नाही. हळू बोलणाऱ्या वक्त्याच्या वेळी काटा मेल्यासारखा पडून राहतो तो यामुळे. शिवाय डायोड प्रवाह ओढतो तो हिसक्या-हिसक्याने. त्याच तारेवर पुढे स्पीकरचे यंत्र असेल, तर तो दोष ऐकू येण्याचाही संभव असतो.

यावर उपाय म्हणजे मध्ये ऑप-अँपचा छोटा वर्धक घालणे. त्याचा प्रवेशरोध ४७ हजार ओहमच्या आसपास ठेवला, की तो संगणकाकडून जवळजवळ काहीच घेत नाही, आणि काट्याला लागणारी ताकद स्वतःच्या वीजपुरवठ्यातून देतो. सुरुवातीला एक कपॅसिटर घालावा, म्हणजे स्थिर दाब आत येत नाही. डावी आणि उजवी तार सरळ एकत्र पिळण्याचा मोह आवरावा, कारण मग दोन्ही बाजू एकमेकींवर ओझे टाकतात. काटा एकच असेल, तर प्रत्येक बाजूस १० हजार ओहमचा रेझिस्टर घालून मगच त्या एकत्र आणाव्यात.

जोडणी झाली तरी मापकाला शून्य कोठे हे शिकवावे लागते. संगणकाच्या पट्टीवर शून्य म्हणजे छत. त्यापुढे जागाच नाही. काट्याच्या तबकडीवर शून्य हा नेहमीचा मुक्काम असून त्यापुढे तांबडा भाग आहे. ही दोन शून्ये एकच समजली की घोटाळा झालाच. दर सेकंदाला १००० कंपनांचा सूर संगणकाच्या छताखाली २० डेसिबेलवर वाजवावा आणि वर्धक असा लावावा की काटा शून्यावर येईल. संगणक पूर्ण आवाजाला १ व्होल्ट देत असेल, तर हा सूर ०.१ व्होल्टचा असतो. म्हणजे वर्धकाने सुमारे बारापट करावी लागते. त्यानंतर संगणकाच्या आवाजाची खूण हलवू नये. ती हलविली की काटा पडतो. मूळ मुद्रण मात्र होते तेवढेच असते.

हा सारा व्याप छंदापुरता असता, तर आम्ही येथे एवढी जागा अडविली नसती. गावोगावच्या व्याख्यानमालांची जुनी मुद्रणे चुंबकी फितींवर आहेत, आणि त्यांतल्या कित्येक फितींची पूड झडू लागली आहे; अशी फीत कदाचित एकदाच धड वाजेल. त्या एका वेळी आवाज छतावर आपटला, तर शब्दांचे शेंडे कापले जातात आणि मागाहून कोणत्याही उपायाने ते जसेच्या तसे परत मिळत नाहीत. अशा वेळी काट्यावर विसंबू नये. संगणकाच्या पडद्यावरची शेंडे दाखविणारी पट्टी पाहावी आणि वर मोकळी जागा सढळ हाताने ठेवावी. काट्याचे काम पुढचे. पंधरा वक्त्यांची भाषणे एकापाठोपाठ ऐकवायची असतील, तर पट्टी सर्वांचे शेंडे सारखे दाखवील, पण एकाचा आवाज खोल आणि दुसऱ्याचा कर्कश वाटेल. काटा सर्वांसाठी शून्याच्या आसपास डोलेल असे प्रत्येक मुद्रण कमीजास्त केले, की श्रोत्याला दर भाषणाला उठून घुंडी फिरवावी लागत नाही.