नुसते ‘पडलो’ म्हणून भागत नाही

मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्याची बातमी झाली. पण गाडीत चढताना खांबावर डोके आपटलेला डोंबिवलीकर, शिळफाट्याजवळ दुचाकीवरून घसरलेला तरुण किंवा न्हाणीघरात पाय सरकलेल्या आजी यांची बातमी होत नाही. टेंगूळ चोळत ते घरी जातात. चार दिवसांनी डोकेदुखी थांबत नाही म्हणून दवाखाना गाठतात आणि ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘पडलो’ एवढेच उत्तर देतात.

डॉक्टरांना मात्र बरेच काही हवे असते. शुद्ध हरपली होती का? किती वेळ? हे रुग्णाला स्वतःला कसे ठाऊक असणार! म्हणून ज्याने पडताना पाहिले त्याला सोबत न्यावे. निदान फोन तरी लावून द्यावा. पडण्याआधीचे शेवटचे काय आठवते आणि नंतरचे पहिले काय, हेही आठवून ठेवावे. मधली पोकळी जितकी मोठी, तितका मेंदूला बसलेला धक्का मोठा असण्याची शक्यता. उलट्या किती झाल्या, आकडी आली का, झोप आणि चिडचिड वाढली का, हे घरच्यांनी तारीखवार कागदावर लिहावे.

गोळ्यांची पाकिटेही न्यावीत. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना किरकोळ माराचाही धोका अधिक. ज्येष्ठांच्या कवटीत रक्त हळूहळू साचते. तोल जाणे, विसरणे तीन-चार आठवड्यांनी सुरू होते आणि घरचे ते वयावर ढकलतात. त्यामुळे महिन्यापूर्वीचे पडणेही सांगायलाच हवे.

आधी कळव्याच्या किंवा कल्याणच्या पालिका रुग्णालयात नेले असेल, तर तिथला केसपेपर आणि सीटी स्कॅनची फिल्म अहवालासह बरोबर असावी. नाहीतर तोच स्कॅन पुन्हा आणि खर्चही पुन्हा.

मात्र डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, गुंगी आली, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला किंवा नाका-कानातून पाण्यासारखे काही गळू लागले, तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात बर्फावर पडल्या, उठून हसत-बोलत होत्या, मदतही नाकारली. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.