पक्षिनामांचे प्रवृत्तिनिमित्त : किनाऱ्यावरील कुरवांच्या आधारे

फाल्गुनाच्या अखेरीस किंवा चैत्राच्या आरंभी, अलिबागच्या दक्षिणेस असलेल्या आक्षीच्या पुळणीवर सकाळच्या वेळी सुरूच्या बनाकडे पाठ करून उभे राहिले, तर ओल्या वाळूवर कुरवांचा थवा विसावलेला दिसतो. वारा वाहत असेल तर थव्यातील सर्व पक्ष्यांची तोंडे एकाच दिशेला, म्हणजे वाऱ्याकडे, असतात. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याने पिसे विस्कटतात आणि उड्डाणही कठीण होते. म्हणून ही शिस्त पक्षी आपोआप पाळतात. परंतु शरीरांच्या दिशेत जितकी एकवाक्यता, तितकीच डोक्यांच्या रंगांत विविधता आढळते. काही डोकी शुभ्र असून डोळ्यामागे तेवढा एक गडद ठिपका असतो. काहींवर तपकिरी रंगाचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. काही डोकी पूर्णपणे गडद झालेली असतात. हाती पक्षिपुस्तक घेऊन आलेला नवशिका निरीक्षक अशा वेळी विचारतो की, यांतील ‘काळ्या डोक्याचा कुरव’ कोणता व ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ कोणता? हा प्रश्न वरवर पक्षिशास्त्राचा वाटतो. वस्तुतः त्याचा अर्धा भाग शब्दार्थविचाराच्या कक्षेत येतो, आणि त्याच भागाचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हे दोन्ही कुरव कोकणात हिवाळी पाहुणे म्हणून येतात. पहिल्याची वीण युरोप व उत्तर आशियात होते. दुसऱ्याची मध्य आशियातील उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी, लडाख व तिबेट धरून. विणीच्या काळात दोघांचीही डोकी गडद होतात. हिवाळ्यात ती पांढरी पडतात. म्हणजे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत किनाऱ्यावर जो ‘काळ्या डोक्याचा’ कुरव दिसतो, त्याचे डोके बहुधा पांढरेच असते. वसंतात पिसझड होऊन डोक्यावर रंग चढू लागतो, आणि तो पुरता चढतो न चढतो तोच पक्षी उत्तरेकडे निघून जातो. नाव सार्थ होण्याची वेळ आणि नावाच्या धन्याने निरोप घेण्याची वेळ एकच असते! त्यातही आणखी एक विसंगती आहे. काळ्या डोक्याच्या कुरवाचे विणीच्या काळातील डोके काळे नसून गडद तपकिरी असते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा तपकिरी रंग त्याहून फिका असतो, इतकाच काय तो भेद.

असे नाव मराठीत का आले, याचे उत्तर कठीण नाही. ते इंग्रजी नावाचे भाषांतर आहे, आणि इंग्रजी नाव ज्या देशात पडले तेथे हा पक्षी वीण घालतो. तेथील लोकांनी त्याला गडद डोक्यानिशी पाहिले व तसे नाव दिले. लिनीअसने १७६६ साली याच पक्ष्याला दिलेले लॅटिन नाव मात्र ‘हसणारा’ अशा अर्थाचे आहे; त्याचे निमित्त रंग नसून आवाज हे आहे. उलट, जेर्डनने १८४० साली दुसऱ्या कुरवाचे जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच ‘तपकिरी डोक्याचा’ असा होतो.

आपल्याकडील शास्त्रकारांनी या बाबतीत एक उपयुक्त भेद केला आहे. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त निराळे आणि प्रवृत्तिनिमित्त निराळे. ‘गो’ शब्दाची व्युत्पत्ती गमनक्रियेवरून लावतात. तरीही बसलेल्या गाईला गो म्हणण्यास कोणाची हरकत नसते, कारण शब्दाचा व्यवहार गमनावर अवलंबून नसून गोत्वावर अवलंबून असतो. त्याच न्यायाने ‘काळ्या डोक्याचा कुरव’ हे वर्णन नव्हे, ती संज्ञा होय. काळे डोके हे तिचे व्युत्पत्तिनिमित्त. प्रवृत्तिनिमित्त मात्र त्या जातीची एकूण लक्षणे. हा भेद ज्याच्या ध्यानात येत नाही, तो जानेवारीत पांढऱ्या डोक्याचा कुरव पाहून ‘काळ्या डोक्याचा नाही’ असे लिहितो व मार्चमध्ये गडद तपकिरी डोके पाहून त्याला ‘तपकिरी डोक्याचा’ ठरवतो. दोन्ही नोंदी नावाचा शब्दशः अर्थ घेतल्यामुळे चुकतात.

किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या नावांची निमित्ते स्थूलमानाने चार प्रकारची आढळतात. ‘टिटवी’ हे नाव आवाजावरून पडले. ‘कालवफोड्या’ हे कृतीवरून. ‘चिखल्या’ हे वावरण्याच्या जागेवरून. ही तीनही निमित्ते बारमाही आहेत. चौथे निमित्त रंगाचे. आणि पाहुण्या पक्ष्यांच्या बाबतीत नेमके तेच ऋतूबरोबर बदलते. एकाच पक्ष्याला इंग्लंडात ‘ग्रे प्लव्हर’ (करडा) व अमेरिकेत ‘ब्लॅक-बेलीड प्लव्हर’ (काळ्या पोटाचा) म्हणतात. पहिले नाव त्याच्या हिवाळी पिसाऱ्यावरून पडले, दुसरे विणीच्या पिसाऱ्यावरून. दोन्ही नावे खरी, पण प्रत्येक अर्ध्या वर्षापुरतीच.

मग या दोन कुरवांचा निर्णय कशाने करावा? डोक्याने नव्हे, तर पंखाने. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखांची टोके रुंद काळी असून त्या काळ्या भागात पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड बाहेरच्या बाजूस ठळक पांढरी असते. डोके ऋतूप्रमाणे बदलते; प्रौढ पक्ष्याच्या पंखाचा हा नमुना बारमाही टिकतो. परंतु बसलेल्या पक्ष्याचा पंख मिटलेला असतो, आणि उडत्या पक्ष्याचा पंख डोळ्यापुढे क्षणभरच राहतो. येथे छायाचित्राचा उपयोग होतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात घेतलेले चित्र पंखाचा नमुना स्थिर करते व सावकाश तपासू देते.

या कामी वारा हा अडथळाही ठरतो आणि साहाय्यकही. तो लांब भिंगाचा कॅमेरा हलवतो, काचेवर खारट तुषार व वाळू उडवतो. म्हणून तिपाई बुटकी ठेवून वाळूत पक्की रोवावी लागते. पण समोरून जोराचा वारा असला की कुरव त्याच्यावर तोलून जवळजवळ एकाच जागी तरंगतो व त्याचे पंख पूर्ण पसरलेले असतात. शिवाय, कोकणाचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सूर्य निरीक्षकाच्या पाठीशी असतो. जमिनीकडून वाहणारा मतलई वारा टिकून आहे तोवर पक्ष्यांची तोंडेही जमिनीकडे, म्हणजे निरीक्षकाकडे, असतात. दिवस वर येऊन खारा वारा सुरू झाला की सारा थवा पाठ फिरवतो.

पंख दिसावेत म्हणून थव्याच्या अंगावर धावून जाणारे छायाचित्रकारही किनाऱ्यावर आढळतात. त्यांनी हे जाणले पाहिजे की, वसंतातील हा विसावा लांबच्या प्रवासापूर्वीचा असतो. या दिवसांत साठवलेली चरबी हीच पक्ष्याची शिदोरी होय. प्रत्येक अकारण उड्डाणाने ती कमी होते. थोडा धीर धरला तर वारा व भरतीचे पाणी पक्ष्याला आपसूक उठवतात.

छायाचित्राचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. नावे बदलतात, वर्गीकरणही बदलते. ‘लेसर सँड प्लव्हर’ या नावाने दीर्घकाळ एकच मानली गेलेली जात अलीकडे तिबेटी व सायबेरियन अशा दोन जातींत विभागली गेली. त्यांतील एक ठळक भेद कपाळाच्या रंगात आहे. तिबेटी जातीचे कपाळ काळे, सायबेरियन जातीचे पांढरे. हा भेद विणीच्या पिसाऱ्यातच उमटतो, हिवाळ्यात नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढणारे पक्षी मुख्यतः तिबेटी जातीचे मानले जातात. पूर्वीच्या नोंदवहीत केवळ नाव लिहिलेले असेल, तर ती नोंद आज कोणत्या जातीची मानावी हे त्या नावावरून ठरत नाही. परंतु वसंतात घेतलेले व दिनांक-स्थळ नोंदलेले छायाचित्र असेल, तर ते नव्या नावाने पुन्हा वाचता येते.

चुकीच्या नावाखाली गेलेली नोंद ही केवळ शब्दाची चूक राहत नाही. कोणता पक्षी केव्हा आला, केव्हा गेला, त्याची संख्या घटली की वाढली, हे सर्व निष्कर्ष अशा नोंदींवरच उभे असतात. म्हणून निरीक्षकाने पक्ष्याचे नाव लिहिताना ते कोणत्या लक्षणावरून ठरवले हेही लिहावे. आणि मराठीत नवी पक्षिनामे घडवणाऱ्यांनी परभाषेतील रंगवाचक नावाचे भाषांतर करण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे की, तो रंग आपल्या किनाऱ्यावर दिसतो काय, आणि दिसत असल्यास वर्षातून किती दिवस.