हिवाळ्याची मेहनत

कार्तिक सरला की यावलच्या बाजूला पहाटे गारठा सुटतो. बागायतदार केळीची काळजी करू लागतो, कारण पारा दहा अंशांकडे उतरला की केळीची वाढ थबकते. पळणाऱ्या माणसाचं मात्र नेमकं उलट आहे. त्याची खरी वाढ याच दिवसांत होते.

तुमच्या शाळेतला एखादा पोरगा 'ट्रायथलॉन' म्हणाला तर दचकू नका, गुरुजी. आधी पोहायचं, ओल्या अंगानंच सायकल मारायची आणि सायकल टाकून पळत सुटायचं. मध्ये विसावा नाही. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो इथे ही शर्यत या नावानं झाली आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये आली. तिथे पोहणं दीड किलोमीटर, सायकल ४० आणि पळणं १० किलोमीटर. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात झालेली शर्यत याहून लांबची होती: समुद्रात १.९ किलोमीटर, मग ९० आणि शेवटी २१.१.

शर्यत पावसाळा सरल्यावर, मग हिवाळ्यात घाई कशाला? युरोपात बर्फ पडलं की खेळाडू घरात कोंडला जातो. आपल्याला कोंडतो तो मे महिना! पारा ४५ अंशांवर गेला की अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच चालीला काळीज जास्त धडधडतं. थंडीत तेच काळीज दुप्पट वेळ काम करतं नि तक्रार करीत नाही. म्हणून पाया आत्ता भरायचा.

पाया भरायचा म्हणजे दमायचं नाही, बरं का! पळताना सोबत्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलणं तुटलं की चाल कमी करा. दर आठवड्याला थोडं वाढवा, चौथ्या आठवड्याला उतरवा. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि शिरा सावकाश कणखर होतात. दुखापती होतात त्या या फरकामुळे. आणि ज्यानं रात्रभर लाइटीची वाट बघत केळीला पाणी भरलं, त्याला पहाटे मैदानावर बोलावू नका. ती रात्रही मेहनतच आहे.

सायकलला फैजपूरचा रस्ता आहे, पण त्यावर केळीचे ट्रकही आहेत. अंधारात मागे लाल दिवा लावल्याशिवाय निघू नये.

पोहण्याचं मात्र नीट ऐका. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार लागतं. वाळला भोपळा कमरेला बांधून आपली कितीतरी माणसं तिथेच पोहायला शिकली. पण विहिरीत तरंगायला येतं, लांब जायला येत नाही. चार हातांवर भिंत आडवी येते. डोकं पाण्यात ठेवून कुशीला तोंड वळवून श्वास घेणं, एवढं विहिरीत जरूर घोटून घ्या. पायऱ्यांची विहीर हवी, आणि काठावर पोहता येणारा जाणता माणूस हवाच. या सरावासाठी पोरांना तापीवर नेऊ नका. हतनूरचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं, आणि वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत. चांगला पोहणाराही तिथे फसतो.

खाण्याचं अवघड नाही. कळण्याची भाकरी, शेंगदाणे, गूळ आणि घरचीच केळी. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये.

होळी झाली की मेहनतीची वेळ बदला: पळणं उजाडण्याआधी, पोहणं दिवस कलल्यावर, आणि लांब सायकल पुढच्या कार्तिकापर्यंत फक्त रविवारच्या पहाटे.