लेखांक ७ : निरोप आला, पण कोणी घेतलाच नाही

गेल्या आठवड्यात एक सॉकेट कसा चालतो ते पाहिलं. या वेळी एकदम अनेक सॉकेट सांभाळायचे आहेत. उदाहरणासाठी लांब जायला नको. मंचरहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव गाठलं, की पूर्वेला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 मध्यभागी दाटीने, बाकीच्या 16 तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या, आणि सगळ्या ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेल्या. तिथला खरा प्रोग्राम कसा आहे ते बाजूला ठेवू. तीस ठिकाणचे निरोप ऐकणारा एक प्रोग्राम आपणच लिहितोय असं समजू.

तीस थ्रेड ताटकळत बसवण्याऐवजी लिनक्सच्या 'एपोल'ला विचारायचं : कुणाकडे काही आलंय का? एपोल दोन तऱ्हांनी सांगतो. नारायणगाव स्टँडवर गाडी उभी आहे तोवर कंट्रोलर पुकारतच राहिला, तर ती लेव्हल-ट्रिगर्ड तऱ्हा. गाडी लागताना एकदाच पुकारून गप्प बसला, तर एज-ट्रिगर्ड. दुसरीत सूचना कमी येतात, म्हणून ती लोकांना आवडते. माझ्या मते गरज नसताना तिच्या वाटेला जाऊ नये.

का, ते पाहण्यासाठी आता एज-ट्रिगर्ड तऱ्हेचा कोड. मुख्य थ्रेड सूचना ऐकतो, वाचायचं काम वर्कर थ्रेडला देतो. एकाच सॉकेटवर दोन वर्कर तुटून पडू नयेत म्हणून 'बिझी' अशी खूण ठेवली. खूण दिसली की मुख्य थ्रेड नवी सूचना सोडून देतो. वर्कर वाचतोच आहे, घेईल तो. इथेच घात होतो.

वर्कर सगळा डेटा वाचून काढतो. शेवटच्या रीडला 'ईअगेन' मिळतं, म्हणजे आता काही उरलं नाही. पुढच्याच ओळीत तो खूण काढणार, तेवढ्यात अकराव्या तबकडीचं पाकीट येतं. एपोल सांगतो, मुख्य थ्रेड 'बिझी' पाहून दुर्लक्ष करतो, आणि मग वर्कर खूण काढतो. डेटा बफरमध्ये पडून, सूचना खर्ची पडलेली, वर्कर मोकळा. पलीकडचा संगणक उत्तरासाठी थांबला असेल, तर पुढचं पाकीटही येत नाही. सगळं गप्प. लॉगसाठी एक प्रिंट टाकावी, तर वेळा सरकतात आणि बग गायब!

अशा वेळी कुणीतरी स्लीप टाकून मोकळा होतो. त्याने फट बुजत नाही, फक्त क्वचित सापडते.

खरा उपाय 'एपोलवनशॉट'. एक सूचना दिली की एपोल त्या सॉकेटबद्दल स्वतःच गप्प होतो, त्यामुळे 'बिझी' खुणेची गरजच उरत नाही. वर्करने ईअगेन मिळाल्यावर 'एपोल कंट्रोल मॉड'ने सॉकेट पुन्हा चालू करायचा. त्या क्षणी कर्नल बफर नव्याने तपासतो. मधल्या काळात पाकीट आलं असेल, तर लगेच सूचना मिळते. तपासणं आणि वाट पाहायला लागणं यांत फट राहत नाही.

स्लीपचा खरा उपयोग चाचणीत आहे. जुन्या कोडमध्ये ईअगेन आणि खूण काढणं यांच्या मधे मुद्दाम एक सेकंदाचा स्लीप घाला, त्या सेकंदात एक पाकीट पाठवा आणि थांबा. मग तोच स्लीप नव्या कोडमध्ये, मॉडच्या आधी घालून पाहा. पुढच्या आठवड्यात बंद केलेल्या सॉकेटचा क्रमांक नव्या सॉकेटला मिळाला की काय गोंधळ उडतो, ते पाहू.