खर्र्याची पन्नी आणि आरोग्याचा तास

प्राथमिक शाळेतील बालकास स्वतःच्या देहाची, मनाची आणि समाजातील वर्तनाची जाण कोणत्या वयात व कोणत्या मार्गाने द्यावी, हा विषय गेली अनेक वर्षे माझ्या चिंतनाचा राहिला आहे. आणि आलापल्लीहून एटापल्लीकडे व तेथून पुढे कसनसूर, गट्टा या बाजूस जाताना सागमोहाच्या रानात जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा दृष्टीस पडली, की तिच्या ओसरीवर बसून गुरुजींशी या विषयाची चर्चा केल्यावाचून माझे पाऊल पुढे पडत नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेतून नई तालीम उदयास आली आणि सेवाग्रामच्या शाळेत स्वच्छता व आरोग्य हे नित्याच्या कामाचे अंग ठरले. पुढे आपल्याकडे मूल्यशिक्षणाचा परिपाठ आला. २०२० साली केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा कार्यक्रम काढला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्येही परस्परसंबंधांचे शिक्षण प्राथमिक शाळांना सक्तीचे झाले. मात्र आपल्या योजनेने पहिल्या टप्प्यात उच्च प्राथमिक व माध्यमिक वर्ग घेतले, आणि माझा आक्षेप आहे तो नेमका येथे. कारण एटापल्लीच्या मुलाची खर्र्याशी ओळख सहावीची वाट पाहत थांबत नाही.

विदर्भाबाहेरील वाचकासाठी सांगितले पाहिजे, की खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून, ओलसर होईतो घोटून केलेले मिश्रण. ते चिमटीने गालात धरले जाते. पुरुष खातात, स्त्रिया खातात. भूक मरते, दातदुखी थांबते, कामाचा शीण जाणवत नाही अशी त्याची कीर्ती, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हात राबणाऱ्या माणसास ती खरीही वाटते. पण नुसती सुपारीदेखील कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच दिला आहे. सुपारीने गालाच्या आतील मऊ अस्तर हळूहळू ताठरते, त्यात तंतूंचे पट्टे धरतात, तिखट सोसवत नाही, आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत जाते. एकदा धरलेला पट्टा सहसा पूर्ववत होत नाही, आणि त्याच जागी पुढे कर्करोगाची भीती राहते.

हे सारे तिसरीच्या मुलास कसे सांगावे? कर्करोगाची भयंकर चित्रे भिंतीवर लावण्याच्या मी विरुद्ध आहे. भय मुलाच्या मनात रात्रभर टिकते आणि सकाळी विरून जाते. याउलट एका शाळेत मी पाहिलेला पाठ अत्यंत साधा होता. गुरुजींनी मुलांना आपापली तर्जनी, मध्यमा आणि अनामिका एकत्र जुळवून, उभी धरून, दातांच्या मध्ये घालण्यास सांगितले. सर्वांची तिन्ही बोटे आत गेली आणि वर्गात हशा पिकला. मग गुरुजी म्हणाले, "आता घरी जाऊन मोठ्यांची बोटे मोजून या." दुसऱ्या दिवशी मुले आपापले वृत्त घेऊन आली: कोणाच्या आजोबांची दोनच बोटे जातात, कोणाच्या मामाचे एक जेमतेम. पाठ्यपुस्तकातील एक ओळही न वाचता त्या मुलांना रोगाचे लक्षण, त्याची परीक्षा आणि त्याचे कारण ही तिन्ही कळली होती. ज्यांची बोटे अडली त्यांच्या घरी गावच्या आशाताईंनी जाऊन ग्रामीण रुग्णालयात तपासणीची तजवीज करावी, असेही तेथे ठरले.

परंतु याहून अवघड भाग पुढचा आहे. येथील मूल खर्रा प्रथम हातात धरते ते खाण्यासाठी नव्हे, तर आणून देण्यासाठी. वडीलधाऱ्याने पैसे हातावर ठेवावे आणि मुलाने टपरीकडे धावत जावे, हा आज्ञाधारकपणाच गणला जातो. आणि वडिलांचे ऐकावे ही शिकवण तर आपणच सकाळच्या परिपाठात देत असतो. मग एकाच मुलास सकाळी आज्ञापालन व दुपारी नकार कसा शिकवावा? मला वाटते, व्यक्तिगत व सामाजिक शिक्षणाचे मर्म या पेचात आहे. वडीलधाऱ्याचा मान राखूनही नाही म्हणता येते, हे मुलास प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. त्याच शाळेतील एका प्रवेशात चौथीतली एक मुलगी टपरीवाली झाली होती. समोरचा मुलगा पैसे पुढे करी आणि ती ठसक्यात माडिया बोलीतून त्याला परतवी. अठरा वर्षांखालच्यास तंबाखू विकता येत नाही, हा २००३ च्या कायद्याचा मजकूर त्या पोरीच्या तोंडी मी प्रथमच इतका स्वाभाविक ऐकला. मग तो मुलगा घरी परतून मामास सांगे, "मामाजी, दुकानवाली देत नाही जी. कायदा हाय म्हणते." मामाचा अपमान नाही, आणि खर्राही नाही.

त्याच कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. हे अंतर, म्हणजे ९१.४४ मीटर, मुलांनी दोरीने मोजून रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली. गणिताचा आणि नागरिकशास्त्राचा तास एकाच दोरीने झाला. अर्थात गुरुजींच्या स्वतःच्या गालात खर्रा असेल, तर ही सारी दोरी व्यर्थ. तसे एक उदाहरण मी पाहिले आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. माडिया गोंड ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन जमातींपैकी एक. तिचे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी त्याच्या घरची भाषा नसते. अंकगणित पुढे सावकाश मराठीतून येऊ शकते, परंतु पोटात दुखते, भीती वाटते, अमुक माणसाचा स्पर्श नकोसा वाटला, हे मूल प्रथम माडियातच सांगणार. म्हणून आरोग्याचा तास तरी माडियातून व्हावा, असा माझा आग्रह आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकशास, बाबा आमटे यांनी १९७३ साली आरंभिलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात, दवाखाना व आश्रमशाळा एकाच आवारात उभ्या राहिल्या, हा योग मला फार मोलाचा वाटतो; आजारी मूल आणि शिकणारे मूल तेथे एकच असते.

हिवतापाचा पाठ मी येथे विस्ताराने देत नाही. मच्छरदाणी, ताप येताच रक्ततपासणी आणि गोळ्यांचा पूर्ण क्रम, एवढे तर प्रत्येक शाळेत रोज म्हटले जावे. सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड गाड्या धावू लागल्यापासून रस्ता ओलांडणे हाही येथे आरोग्याचाच पाठ झाला आहे.

राहिला कुर्माघराचा प्रश्न. मासिक पाळीत स्त्रीने गावाच्या कडेच्या झोपडीत राहावे ही प्रथा माडिया गावांत आजही आहे, आणि पाऊस, साप व काळोख यांच्या सान्निध्यात ते दिवस काढणे किती जिवावरचे असते, हे तेथील स्त्रियाच उत्तम सांगतात. ही प्रथा शाळेने एका तासात मोडावी अशी माझी अपेक्षा नाही; मात्र रक्त पाहून घाबरण्याआधी, म्हणजे चौथी-पाचवीतच, मुलीस त्यामागील देहधर्म कळलेला असावा आणि मुलांसही तो लपवाछपवीविना सांगावा. हे काम शिक्षिकेने करावे. आणि शिक्षिका नसलेल्या शाळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांनी गावातीलच आशाताईंना महिन्यातून एक तास रीतसर नेमून द्यावा, व त्याची नोंद हजेरीपटाशेजारी ठेवावी.