कोरी कॅसेट, भरलेली कॅसेट

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की घरोघरी माळे रिकामे होऊ लागतात. वैभववाडी तालुका सह्याद्रीच्या अगदी कुशीत. करूळ आणि भुईबावडा घाटांखाली पाऊस कोसळू लागला की चार महिने उसंत नाही. त्याआधी कौले परतायची, ट्रंका उन्हात टाकायच्या. या आवराआवरीत हटकून निघते ती कॅसेट. काही भरलेल्या, काही कोऱ्या. पोरे तिची पट्टी ओढून खेळतात, नाहीतर ती शेतात ताणली जाते. वाऱ्यावर घूं घूं वाजते आणि पाखरू जवळ येत नाही.

वाचकहो, यंदा पट्टी ओढण्यापूर्वी थोडे थांबा. जुन्या कोऱ्या कॅसेट जमविणारे, त्यांची प्रतवारी लावून विकत घेणारे शौकीन आज जगभर आहेत. जिच्यात काहीच भरलेले नाही अशा कॅसेटला पैसे मोजणारा माणूस आपल्याकडे वेड्यातच निघेल! पण चांगली पट्टी करणारे बहुतेक कारखाने बंद झाले आणि टेपरेकॉर्डर जपणारे मात्र उरले. त्यामुळे जुन्या सीलबंद मालाला मागणी आली.

ही कॅसेट १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम दाखविली. ज्यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली ते लू ओटेन्स हे डच इंजिनियर २०२१ साली वारले. आपल्याकडे ती घरोघर पोहोचायला १९८० चे दशक उजाडले. आखातात कामाला गेलेला माणूस परतताना टू-इन-वन आणि कोऱ्या कॅसेटचा पुडा घेऊन येई. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी भाव खाली आणल्यावर गिरणी कामगारालाही कॅसेट परवडू लागली. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दुकानात द्यायची, दोन दिवसांनी भरून आणायची, हा तर त्या काळचा रिवाजच होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला परदेशातला मुलगा पत्राऐवजी कॅसेट पाठवी. आई ती ऐके, दुसऱ्या बाजूला आपले बोलणे भरून परत धाडी. पत्र वाचून दाखवायला शेजारच्या पोराची मनधरणी नको!

आता प्रतवारीकडे वळू. पहिली गोष्ट पट्टीची जात. पहिली जात लोहाच्या भुकटीची, तिच्यावर 'नॉर्मल' लिहिलेले असते. आपल्याकडे सापडणाऱ्या कॅसेट बहुतेक याच. दुसरी क्रोमची किंवा क्रोमसारख्या लेपाची, तिच्यावर 'हाय बायस'. टीडीकेची एसए ही यातली नावाजलेली, १९७५ ची. तिसरी, लोह आणि क्रोम असे दोन थर असलेली जात फार टिकली नाही. चौथी शुद्ध धातूच्या भुकटीची, १९७९ च्या सुमारास आली. टीडीकेच्या एमए-आर या कॅसेटची चौकट ओतीव धातूची होती. ती सीलबंद सापडली तर शौकीन हरखून जातात. लेबल फाटले असेल तर कॅसेटची पाठीमागची कड पाहावी. साध्या कॅसेटला दोन कोपऱ्यांत दोनच कप्पे असतात, क्रोमच्या कॅसेटला त्यांच्या शेजारी आणखी खाचा असतात आणि धातूच्या कॅसेटला मध्यभागीही असतात. क्रोमची पट्टी साध्या मशीनवर भरू नये. आवाज टोकदार लागतो आणि आधीचा पुरता पुसला जात नाही.

मग येते लांबी. सी-६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटे. पट्टी जवळजवळ ९० मीटर आणि जाडी सुमारे १८ मायक्रॉन. सी-९० मध्ये हीच जाडी १२ वर येते, सी-१२० मध्ये अवघी ९. पैसे वाचतात म्हणून सी-१२० घेणाऱ्यांची पट्टी मशीनने किती वेळा चावली असेल ते त्यांनाच विचारा.

प्रतवारीत सर्वांत वर सीलबंद पाकीट. त्याखाली पाकीट फोडलेली पण न वापरलेली, जिचे कार्ड कोरे, लेबले न चिकटवलेली, कोपऱ्यातल्या पट्ट्या शाबूत. त्याखाली एकदोनदा भरलेली. पेनाने नाव लिहिले, लेबल चिकटवले की भाव घसरलाच. नामांकित कंपन्यांच्या नकली कॅसेटही बाजारात पुष्कळ होत्या. छपाई पुसट, अक्षर वेडेवाकडे दिसले तर सावध व्हावे.

म्हणजे शौकिनाच्या लेखी भरलेली, नाव लिहिलेली, कोपऱ्यातली पट्टी मोडलेली कॅसेट सर्वांत खालच्या प्रतीची. येथे आम्ही त्याच्याशी सहमत नाही. सीलबंद कॅसेट कारखान्यातून हजारोंनी निघाल्या. कंपन्यांनी काढलेल्या भीमगीतांच्या कॅसेटच्याही कितीतरी प्रती निघाल्या. पण जयंतीच्या रात्री मंडपात कुणी मशीन ठेवून गायन पार्टीचा कार्यक्रम भरला असेल, तर ती कॅसेट जगात एकच. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या असतील, तीही एकच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून काम करून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आहेत. २०१७ पासून हा संग्रह संगणकावर सर्वांना ऐकायला खुला होऊ लागला. प्रत्येक गावात असे संशोधक कुठून येणार? तिथे काम केले ते घरच्याच टू-इन-वनने.

कोकणात या कॅसेटचा खरा वैरी म्हणजे दमट हवा. खिडकीतून पाहिल्यावर रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर मशीनचे हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती वेगळी ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्यावी. पट्टीमागची लोकरीची गादी पडली असेल तर आवाज दबलेला येतो. पाच स्क्रूची कॅसेट उघडून ती बदलता येते, चिकटवून बंद केलेली फोडावी लागते. ठीक दिसणारी कॅसेट आधी सहा कडांच्या पेन्सिलीने थोडी फिरवावी, मग मशीनवर एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण पळवावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. त्यानंतरच वाजवावी, आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर उतरवून घ्यावी. दुसरी संधी मिळेलच असे नाही.

डब्यात उभी ठेवावी, स्पीकरजवळ नको, कारण त्यात लोहचुंबक असते. आवाज पुसला जाऊ नये म्हणून कोपऱ्यातली पट्टी मोडावी. जी बाजू आपल्याकडे आहे, तिची पट्टी डाव्या हाताला असते. मोडलेल्या कोपऱ्यावर सेलोटेप चिकटवलेला दिसला तर कोणीतरी वरून दुसरे काही भरले आहे, हे समजावे.

आणि कार्डावर नुसते 'लग्न' किंवा 'जयंती' एवढेच लिहिलेले असेल, तर कोणाचे, कोणत्या साली, गाणारी कोण, हे घरातल्या जाणत्यांना जवळ बसवून, कॅसेट ऐकवून विचारावे आणि वेगळ्या कागदावर लिहून डब्यात ठेवावे.