पहिल्या मजल्यावर ऊन येतं का?

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडजवळच्या नटवर पारेख कंपाउंडात दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारीही ट्यूबलाइट. खिडकी उघडावी, तर वरून कचरा पडतो. म्हणून ती बंदच.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या संशोधकांनी इथे, लल्लूभाई कंपाउंडात आणि पीएमजीपी कॉलनीत क्षयाचे रुग्ण तर शोधलेच, पण घरांतला उजेड आणि वाराही तपासला. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: जिथे उजेड-वारा कमी, तिथे क्षय जास्त. खिडकीची दखल घेणारा आरोग्य अहवाल मी तरी प्रथमच पाहिला!

खोकल्यातून उडालेले जंतू उन्हात मरतात, कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात. रुग्णानं सहा महिने गोळ्या घ्यायच्या त्या याच खोलीत, चार माणसांसोबत. म्हणजे क्षय रोखायचा, तर दवाखान्याइतकाच बांधकाम नियमावलीचाही विचार हवा.

आमच्या पंतनगरात पुनर्विकासाच्या सभांत कार्पेट एरिया, पार्किंग आणि कॉर्पस फंडावरून हमरीतुमरी होते. पुढच्या सभेत तुम्हीही बिल्डरला विचारा: शेजारची इमारत किती मीटरवर, आणि पहिल्या मजल्यावर ऊन किती वाजता येणार?